सत्ता कोठें वसते? फर्दापूरच्या वेशीवरून एक विचार

जेवणें उरकून पानसुपारीचें तबक फिरूं लागलें, म्हणजे आपल्या घरांतील बैठकींत एक वाक्य आजहि हटकून ऐकूं येतें. "मतपेटी आली आणि राजकारणांत जात शिरली!" वाक्य बोलणारे बहुधा शिकलेले, वयानें वडील आणि अनुभवी असतात, ऐकणारे मान डोलावतात आणि विषय पुढें सरकतो. या वाक्याच्या पोटांत एक गृहीत दडलेलें आहे. तें असें कीं, मतपेटीच्या आधीं कारभार केवळ लायकीवर चाले व त्यांत जातीचा वास नव्हता. हें गृहीत कितपत खरें, याचा छडा लावणारें एक शास्त्र गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत वाढीस लागलें आहे. त्यास राजकीय समाजशास्त्र म्हणतात. त्याचा निकाल आपल्या या आवडत्या वाक्याच्या विरुद्ध जातो व आपल्यासारख्या घरांस तो जरा झोंबतोहि. म्हणूनच आमच्या वाचकांस त्याची ओळख करून द्यावी असें आम्हांस वाटलें.

कॉलेजांत शिकविलें जाणारें जुनें राज्यशास्त्र राज्याकडे वरून पाहत असे. राजा असावा कीं लोकसभा, कायदा कोणीं करावा, न्यायाधीश स्वतंत्र असावा कीं नसावा, हे त्याचे प्रश्न. नवें शास्त्र खालून पाहतें. हुकूम राजधानींत सुटतो हें खरें, पण शंभर कोसांवरचा शेतकरी तो मानतो कां? जर्मन पंडित मॅक्स वेबर (मृत्यु १९२०) यानें उत्तर दिलें कीं, माणसें तीन कारणांनीं आज्ञा मानतात: चालत आलें आहे म्हणून, पुढाऱ्याच्या अंगीं कांहीं अलौकिक तेज आहे असें वाटतें म्हणून, किंवा नियमांत तसें लिहिलें आहे म्हणून. त्याच्या आधींच मार्क्सनें, जमीन आणि भांडवल कोणाच्या हातीं आहे तें प्रथम पहा, मग राज्य कोणाचें तें आपोआप कळेल, असें बजाविलें होतें. रॉबर्ट मिशेल्स यानें १९११ मध्यें समतेचा घोष करणाऱ्या कामगारपक्षाचीच तपासणी करून, तेथेंहि मूठभरांचेंच कसें चालतें तें दाखविलें. नांवांची जंत्री वाढवून वाचकांस शिणविण्याचा आमचा विचार नाहीं. एखादें गांव डोळ्यांपुढें घेऊन हे प्रश्न विचारले तर ते अधिक लवकर उकलतात, आणि त्यासाठीं फर्दापुराइतकें सोयीचें गांव आम्हांस दुसरें सुचत नाहीं.

फर्दापूर म्हटलें कीं वाचकांस अजिंठ्याचीं लेणीं आठवतील. अजिंठ्याचा घाट उतरून उत्तरेस आलें म्हणजे पायथ्याशीं हें गांव लागतें. औरंगजेबाच्या काळांतील सराई येथें आहे. लेणीं पाहण्यास येणारे कैक प्रवासी व चित्रकार येथेंच उतरत. आज तें छत्रपति संभाजीनगर (पूर्वींचें औरंगाबाद) जिल्ह्यांत, सोयगांव तालुक्यांत मोडतें. आम्हांस मात्र येथें लेण्यांपेक्षां गांवाची जागा महत्त्वाची वाटते. लेण्यांपाशीं घोड्याच्या नालासारखें वळण घेणारी वाघूर नदी उत्तरेस वाहत जाऊन तापीस मिळते. म्हणजे डोंगराखालचा हा पट्टा भूगोलानें खानदेशाचा. राज्यानें मात्र तो निजामाचा होता. १८१८ मध्यें खानदेश इंग्रजांकडे गेला, आणि फर्दापुराच्या उत्तरेस कांहीं कोसांवर दोन राज्यांची हद्द पडली. ती पुढें सव्वाशें वर्षांहून अधिक काळ टिकली.

या हद्दीच्या दोन बाजूंस माणसें तींच होतीं. तींच आडनांवें, तोच कापूस, तीच ज्वारी, त्याच सोयरिकी. पण अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार. अलीकडे जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास अव्वल तालुकदार म्हणत, पलीकडे कलेक्टर. अलीकडे वरचें दप्तर आधीं फारसींत व मग उर्दूंत, पलीकडे मराठींत व इंग्रजींत. माल हद्द ओलांडूं लागला कीं निजामाचें करोडगिरी खातें जकात घेई. सर्वांत मोठा फरक मतांचा. इंग्रजी मुलखांत १८८४ च्या सुमारास लोकल बोर्डें आलीं, पुढें कायदेमंडळाच्या निवडणुका आल्या. १९३६ च्या डिसेंबरांत तर काँग्रेसनें आपलें अधिवेशन शहर सोडून प्रथमच एका खेड्यांत भरविलें, आणि तें खेडें म्हणजे पूर्व खानदेशांतील फैजपूर. फर्दापूरच्या शेतकऱ्यानें मात्र सर्व प्रौढांस मत असलेली पहिली निवडणूक पाहिली ती १९५२ च्या सुमारास.

आतां बैठकींतील तें वाक्य येथें लावून पहावें. मतपेटीनेंच जात आणली असेल, तर हद्दीच्या अलीकडचीं गांवें १९५२ पर्यंत जातिविरहित असावयास हवीं होतीं. तीं तशीं होतीं असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. पाण्याचा हक्क, देवळाचा उंबरठा, बलुत्याचा वाटा, वेठ कोणीं करावयाची, पंचांत कोणीं बसावयाचें, हें सर्व जातीनेंच ठरत होतें, आणि त्यासाठीं एकहि मत पडावें लागत नव्हतें.

इतकेंच नव्हे, सरकारचा पाया मानलेला गांवचा कारभारहि वतनानें, म्हणजे जन्मानें, वाटलेला होता. निजामी मुलखांत माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी हे गांवचे तीन खांब. पाटिलकी बहुधा मराठ्यांकडे, आणि पटवाऱ्याची किंवा कुळकर्ण्याची लेखणी मराठी मुलखांत बहुधा ब्राह्मण घराण्याकडे. जमिनीचा धारा किती, कोणाच्या नांवावर किती, पीक किती आणें, कोण कूळ आणि कोण मालक, हें ज्या कागदांत उतरे, तो कागद एका घराच्या माळ्यावर रुमालांत बांधलेला असे. हैदराबादेस सालारजंगानें (दिवाणगिरी १८५३ ते १८८३) महसुलाची घडी नव्यानें बसविली, पगारी अधिकारी नेमले, जिल्हे पाडले. पण तालुक्याच्या खालीं, गांवांत, लेखणी कोणाच्या हातीं हा प्रश्न बराच काळ जुन्याच रीतीनें सुटत राहिला.

हें आपल्याकडे कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें असें नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत कुळकर्ण्याची लेखणी हीच शेतकऱ्यावरची खरी सत्ता आहे, हें उघड मांडलें. तेव्हां खेड्यांत मत हा शब्दहि पोंचला नव्हता. त्यानंतर बत्तीस वर्षांनीं, १९१५ मध्यें, त्रिंबक नारायण आत्रे यांचें 'गांव-गाडा' निघालें. आत्रे स्वतः महसूल खात्यांतले, जातीनें ब्राह्मण. त्यांनीं वतनदार, बलुतेदार, फिरस्ते यांची गुंतागुंत अशा बारकाईनें लिहिली कीं, आजचा समाजशास्त्रज्ञहि तें पुस्तक उशाशीं ठेवतो. फुल्यांचा सूर प्रक्षोभाचा, आत्र्यांचा हिशेबनिसाचा. दोघांचे मार्ग भिन्न, पण सत्ता कायद्याच्या पुस्तकापेक्षां गांवच्या रोजच्या व्यवहारांत शोधावयाची, हें दोघांनींहि जाणलें होतें. युरोपांत हें शास्त्र विद्यापीठांत स्थिरावण्यापूर्वीं त्याचीं बीजें मराठींत पडलीं होतीं, आणि आपण तीं वाङ्मय किंवा वादविवाद म्हणून बाजूस ठेविलीं.

येथें आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. 'आमचे पणजोबा कुळकर्णी होते, पण त्यांनीं कोणाचा पैसा खाल्ला नाहीं. उलट दुष्काळांत पदरचें धान्य वाटलें,' असें ते म्हणतील. तें खरेंहि असेल. अर्ध्या भाकरीवर दिवस काढणारे कुळकर्णीहि पुष्कळ होऊन गेले. पण प्रश्न पणजोबांच्या सचोटीचा नाहींच. चांगल्या पणजोबांच्या लेखणींतहि तीच शक्ति होती, आणि तिचा उपयोग चांगला करावा कीं वाईट हें ठरविण्याचा अधिकार समोर बसलेल्या कुळास नव्हता, एवढेंच हें शास्त्र सांगतें. व्यक्तीच्या गुणदोषांपासून सत्तेच्या जागेकडे दृष्टि वळविणें, हीच त्याची पहिली शिकवण होय.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर हें सर्व झपाट्यानें हाललें. १९४९ मध्यें जहागिरी गेल्या, १९५० मध्यें हैदराबाद राज्याचा कूळकायदा झाला, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. वतनदाराच्या जागीं पगारी तलाठी आला. अभ्यासकांचें लक्ष या नव्या सत्तेकडे न वळतें तरच नवल.

म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास हे मुंबईस, मूळचे मालवणचे असलेल्या गो. स. घुर्ये यांच्या हाताखालीं शिकलेले. १९४८ मध्यें ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. तेथील अनुभवावरून 'प्रभुत्वशाली जात' ही कल्पना त्यांनीं रूढ केली. संख्या मोठी, जमीन हातीं, आणि शिक्षण व सरकारदरबारीं शिरकाव, एवढें ज्या जातीस साधलें तिचा गांवावर अंमल चालतो, मग वर्णाच्या उतरंडींत तिचें स्थान कोणतेंहि असो. 'व्होट बँक' हा आज वर्तमानपत्रांत रोज वापरून झिजलेला शब्दहि त्यांच्याच १९५५ च्या लेखांतून पसरला. पुढें रजनी कोठारी यांनीं १९७० मध्यें संपादिलेल्या ग्रंथांत, राजकारणानें जातीस बिघडविलें कीं जातीनें राजकारणास, हा वादच उलटा केला. जातीच्या हातीं जुनी संघटना होती, राजकारणास संघटना हवी होती. दोघांनीं एकमेकांस वापरलें आणि दोघेंहि बदललीं, असें त्यांचें म्हणणें.

त्याच वर्षीं पुणें विद्यापीठाचे प्रा. व. म. सिरसीकर यांचा ग्रामीण पुढाऱ्यांवरील इंग्रजी ग्रंथ निघाला. त्याच्या उपशीर्षकांतच 'राजकीय समाजशास्त्र' हे शब्द आहेत. सातारा, अकोला आणि आपला औरंगाबाद हे तीन जिल्हे त्यांनीं घेतले, आणि जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व सहकारी संस्था यांतील पुढाऱ्यांस प्रश्न विचारून माहिती जमविली. कल्पनेवर बोलण्यापेक्षां मोजून बोलावें, ही शिस्त आपल्याकडे अशा ग्रंथांनीं लाविली. नवा पुढारी बहुधा जमीनदार शेतकरी, बहुधा मराठा आणि सहकारी संस्थेंत मुरलेला असतो, हें चित्र अशा पाहण्यांतून स्पष्ट झालें. पुष्कळ ब्राह्मण घरांनीं हीच गोष्ट 'आमचें गेलें, त्यांचें आलें' अशा शब्दांत स्वतःस सांगितली आणि शहराची वाट धरली.

परंतु या पाहणीच्या पद्धतींत एक उणीव होती. प्रश्न पुढाऱ्यांस विचारले गेले. जो पुढारी नाहीं, सभेंत येतच नाहीं, किंवा येऊन दाराशीं उभा राहतो, त्याच्याविषयीं अशा पाहणीनें थोडेंच कळणार! ही उणीव इतर देशांतहि दिसून आली होती. अमेरिकेंत रॉबर्ट डाल यानें १९६१ मध्यें न्यू हेवन शहरांतील निर्णय कोणाचे चालतात तें तपासलें. दुसऱ्याच वर्षीं बाक्रॅक व बॅरट्झ या दोघांनीं आक्षेप घेतला कीं, चर्चेस आलेले निर्णय तपासून काय उपयोग? खरी सत्ता तर प्रश्न चर्चेसच येऊं न देण्यांत आहे. १९७४ मध्यें स्टीव्हन ल्यूक्स यानें आणखी पुढची पायरी दाखविली. सर्वांत खोल सत्ता ती, जिच्यायोगें दुर्बळाच्या मनांत तो प्रश्न उत्पन्नच होत नाहीं.

हे तीन थर समजण्यास परदेशीं जाण्याची गरज नाहीं. आपलें एकत्र कुटुंबच घ्या. यंदा घर रंगवावें कीं विहिरीवर नवा पंप बसवावा, यावर चुलते-पुतण्यांत वाद होतो आणि थोरल्या काकांचें म्हणणें ठरतें. हा पहिला थर, सर्वांस दिसणारा. धाकट्या सूनबाईस पुढें शिकावयाचें आहे, सासूबाईंस तें ठाऊकहि आहे. पण तो विषय बैठकींत कोणी काढीत नाहीं, आणि न काढल्यामुळें 'नाहीं' म्हणण्याचा वाईटपणाहि कोणाकडे येत नाहीं. हा दुसरा. आणि तिच्या आजेसासूबाईंस, सर्वांची पंगत उठल्यावर उरलेल्या वाढपावर जेवतांना, आपण कधीं आधीं बसावें असें सत्तर वर्षांत एकदांहि मनांत आलें नाहीं. त्या सुखी होत्या, आणि तसें त्या शपथेवर सांगत. हा तिसरा थर. आमच्या मतें या तिसऱ्या थराच्या बाबतींत अभ्यासकानें फार जपून बोललें पाहिजे. आजीबाईंचें समाधान खरें नव्हतेंच असें म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? पण तें समाधान होतें म्हणून सत्ता नव्हती, हेंहि म्हणतां येत नाहीं.

गांवाकडे पाहिलें तरी तेंच दिसतें. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारों अनुयायी पाणी प्याले. तें तळें अस्पृश्यांस खुलें असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेनें आधींच केलेला होता! ठराव झाला होता, सत्ता हालली नव्हती. पहिल्या थरावर निकाल लागला, पण खालचे दोन थर जागच्या जागीं राहिले. ते हलविण्यासाठीं माणसांस पाण्यापर्यंत चालत जावें लागलें. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव १९७८ च्या जुलैंत विधिमंडळानें केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर काय गुजरलें तें त्या भागांतील वाचकांस सांगावयास नको. नामविस्तार प्रत्यक्ष झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजीं. ठराव आणि अंमल यांच्यामधलीं तीं साडेपंधरा वर्षें, हाच राजकीय समाजशास्त्राचा खरा विषय.

स्त्रियांच्या राखीव जागांचेंहि असेंच. १९९३ मध्यें अंमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें पंचायतींतील एक-तृतीयांश जागा स्त्रियांस मिळाल्या, आणि महाराष्ट्रानें २०११ मध्यें तें प्रमाण निम्म्यावर नेलें. प्रथम सर्वत्र 'सरपंचपति' हा नवा प्राणी उत्पन्न झाला. सही बाईंची, कारभार यजमानांचा. शहरांतील मंडळी यावर विनोद करून मोकळी झाली. पण ज्या अभ्यासकांनीं घाई केली नाहीं, त्यांनीं निराळा प्रश्न विचारला. सहीसाठीं कां होईना, ग्रामसभेंत खुर्चीवर बसलेली बाई पाहून दुसऱ्या बाईच्या मनांत काय येतें? तिसऱ्या थरास धक्का लागतो तो असाच, हळू आणि विनोद करणाऱ्यांस न दिसतां.

आजच्या फर्दापुरांत तर सत्तेचा पत्ता काढणें आणखी अवघड झालें आहे. लेण्यांच्या पायथ्याशीं असलेलीं दुकानें या शतकाच्या आरंभीं तेथून हलवून चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूर फाट्यावर आणलीं गेलीं. खाजगी गाड्या तेथेंच थांबवून पुढें एस. टी. च्या गाड्यांनीं जाण्याची व्यवस्था झाली. लेण्यांचें रक्षण हा हेतु, तो योग्यच, आणि या विकासकामांस जपानचें कर्जहि होतें. पण पहा, ज्या फेरीवाल्याचें पोट त्या चार किलोमीटरांवर अवलंबून, त्याच्या जीवनांतील सर्वांत मोठा निर्णय कोणत्या पेटींतल्या मतानें झाला? पुरातत्त्व खातें, पर्यटन महामंडळ, वन खातें, एस. टी., आणि टोकियोंतील बँक यांपैकीं एकहि त्याच्या मताधिकाराच्या कक्षेंत थेट येत नाहीं. सरपंच कोण हें सांगून या गांवाची सत्ता सांगितल्यासारखें होत नाहीं.

आतां या शास्त्राच्या सर्वांत नव्या वळणाकडे येतों, कारण तें पुन्हां आपल्या माळ्यावरील रुमालांपाशींच जातें. अलीकडील अभ्यासक म्हणतात कीं, सरकार माणसांस मोजतें तेव्हां तें नुसतें मोजत नाहीं, त्यांस घडवितेंहि. बर्नार्ड कोहन या अमेरिकन विद्वानानें इंग्रजी राज्यांतील खानेसुमारीविषयीं हें मांडलें. मोजणाऱ्यानें 'तुझी जात कोणती?' असें विचारलें, कीं त्या क्षणापर्यंत सैल असलेली ओळख एका रकान्यांत घट्ट बसते. कोणी कुणबी म्हणून लिहिला गेला, कोणी मराठा म्हणून. विचारणारा कोण, सांगणारा कोण आणि लेखणी कोणाची, यावर तें अवलंबून.

हें पुस्तकी वाटत असेल तर २०२३ चें वर्ष आठवावें. जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटी येथें मनोज जरांगे यांचें उपोषण सुरू झालें, आणि निजामकाळच्या कागदांत ज्यांचे पूर्वज कुणबी म्हणून नोंदले आहेत त्यांस तसे दाखले देण्यासाठीं सप्टेंबरांत न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली. महसुलाचीं पत्रकें, शाळेचीं रजिस्टरें, जन्ममृत्यूच्या नोंदी, मोडींतील व उर्दूंतील बाडें धुंडाळलीं जाऊं लागलीं. २ सप्टेंबर २०२५ रोजीं, मुंबईच्या आझाद मैदानावरील उपोषणानंतर, हैदराबाद गॅझेटच्या आधारें कारवाई करण्याचा शासननिर्णय निघाला. इतर मागासवर्गीय संघटनांनीं त्यास कडाडून विरोध केला, आपल्या वाट्यांत वांटेकरी वाढणार म्हणून. या वादांत कोणाची बाजू न्याय्य, हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस दाखवावयाचें तें इतकेंच कीं, जें संस्थान १९४८ मध्यें संपलें, त्याच्या कारकुनानें धारा वसूल करण्यासाठीं ओढलेली एक रेघ आज एका विद्यार्थ्याचा कॉलेजप्रवेश ठरवूं शकते. फर्दापूरच्या पलीकडे खानदेशांत ज्यांची नोंद इंग्रजी दप्तरांत झाली, त्यांच्याच भाऊबंदांची अलीकडे निराळ्या शब्दांत झालेली असूं शकते. नदी एक, सोयरीक एक, रकाना वेगळा. केंद्रसरकारनेंहि ३० एप्रिल २०२५ रोजीं पुढील खानेसुमारींत जात विचारण्याचें जाहीर केलें. सर्व जातींची अशी मोजणी याआधीं १९३१ मध्यें झाली होती.

या नव्या दृष्टीचा अतिरेकहि होतो, हें सांगितलें पाहिजे. फ्रेंच विचारवंत फूको याच्या मागून जाणारे कांहीं लेखक दवाखाना, शाळा, पंचांग, पाकपुस्तक, सर्वत्र सत्ताच पाहतात. सर्वच सत्ता म्हटल्यावर पाटलाची काठी आणि आईची कानउघाडणी यांत फरक उरत नाहीं, आणि ज्याच्या पाठीवर काठी पडली त्यास या विद्वत्तेचा कांहीं उपयोग होत नाहीं. शिवाय त्यांची भाषा! वेबर वाचतांना धाप लागते, यांस वाचतांना झोंप येते. आम्हांस विचाराल तर या मंडळींनीं मधूनमधून 'गांव-गाडा' वाचावें.

वर सांगितलेल्या रुमालांविषयीं थोडें व्यावहारिक सांगून पुरें करतों. मराठवाड्यांत व पश्चिम महाराष्ट्रांत ज्या घरांकडे कुळकर्ण, देशपांडेपण किंवा पटवारीपण होतें, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या माळ्यावर मोडी कागद अजून पडून आहेत. घर पाडतांना ते रद्दींत गेल्याचें आम्हीं ऐकलें आहे, आणि देवघरांत पुजले जात असल्याचेंहि. दोन्ही गोष्टी सारख्याच निरुपयोगी. कागद उघडून एक दिवस सावलींत वारा द्यावा. चिकटपट्टी लावूं नये आणि प्लॅस्टिकच्या आवरणांत डकवूं नये, कारण त्यांत ते लवकर कुजतात. मोडी वाचतां येणारा जाणकार मिळाल्यास आधीं यादी करवून घ्यावी, प्रत्येक पानाचें छायाचित्र काढावें, आणि मूळ कागद घरीं सांभाळणें शक्य नसेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाशीं पत्रव्यवहार करावा. त्याचीं कार्यालयें मुंबई, पुणें, कोल्हापूर, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें आहेत. यादी करतांना केवळ आपल्या घराण्याचीं नांवें उतरून घेऊं नयेत. कुळांचीं, बलुतेदारांचीं, महारवतनाचींहि घ्यावींत. तीं शोधीत कोणी दाराशीं आला, तर त्यास आंत बोलावून पान दाखवावें.